ट्रॉम्बोनवर जिभेचे काम : नवशिक्यांसाठी टंगिंगचे पहिले धडे

ट्रॉम्बोनला कळा नसतात, भोके नसतात आणि पडदेही नसतात. उजव्या हाताने पुढेमागे सरकवायची एक लांब स्लाइड आणि ओठांना लावायचा माउथपीस, एवढ्यावर सगळे स्वर काढायचे असतात. ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट वाजवणाऱ्याने बोट उचलले किंवा दाबले की पुढचा स्वर आपोआप वेगळा पडतो. ट्रॉम्बोनवर मात्र श्वास चालू ठेवून स्लाइड हलवली की दोन स्वरांच्या मधले सगळे काही ऐकू येते. हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या कानाला हे सुरुवातीला फार सुखावते, कारण जी मींड घोटण्यासाठी गायक वर्षे घालवतात ती इथे पहिल्याच दिवशी फुकट मिळते. अडचण नंतर सुरू होते. एखादी साधी आरती वाजवायला घेतली तरी प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला चिकटतो आणि शब्दांची जागाच सापडत नाही. मींड हवी तेव्हा घेता यावी आणि नको तेव्हा अजिबात येऊ नये, ही मुभा ट्रॉम्बोनवर जिभेने मिळवावी लागते. श्वासाच्या प्रवाहाला जिभेच्या टोकाने स्पर्श करून स्वराला आरंभ देण्याच्या या क्रियेला टंगिंग म्हणतात. सनईवादक तिला तुतकार म्हणतात.

पुण्यात या वाद्याकडे कोणी शाळेच्या बँडमधून येतो, कोणी कॅम्पातल्या चर्चच्या संगीतातून, तर कोणाच्या घरातच लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या बँडचा व्यवसाय असतो. कुठूनही आले तरी शिकवणारा पहिल्या दिवशी ‘तू म्हणा’ एवढेच सांगून पुढे जातो, आणि तो ‘तू’ तोंडात नेमका कुठे आणि कसा म्हणायचा हे शिकणाऱ्याने स्वतःच शोधून काढावे अशी अपेक्षा असते. या लेखाचा हेतू तेवढाच भाग सविस्तर सांगण्याचा आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे स्लाइडऐवजी दाबायच्या कळा असलेला ट्रॉम्बोनही असतो, पण येथे स्लाइडचा साधा टेनर ट्रॉम्बोन गृहीत धरला आहे. वाचकाला वाद्य धरता येते आणि एक स्वर निदान आठ मात्रा स्थिर ठेवता येतो, असेही गृहीत आहे. तेवढे जमत नसेल तर आधी काही आठवडे केवळ लांब स्वरांचा रियाज करावा.

आधी जिभेशिवाय

टंगिंगच्या बहुतेक तक्रारी जिभेच्या नसतात, श्वासाच्या असतात. स्वर ओठांच्या कंपनातून निर्माण होतो आणि ते कंपन श्वास निर्माण करतो; जीभ स्वर निर्माण करत नाही, ती केवळ त्याची सुरुवात रेखीव करते. हार्मोनियम वाजवणाऱ्याचा डावा हात भाता सलग चालवत असतो आणि उजव्या हाताची बोटे स्वर वेगळे करत असतात. प्रत्येक स्वरासाठी भात्याला वेगळा हिसका देणाऱ्याचे वादन कसे ऐकू येते हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. ट्रॉम्बोनवर भात्याचे काम पोटातून सुटणाऱ्या श्वासाकडे आहे आणि बोटांचे काम जिभेकडे.

म्हणून पहिली पायरी जीभ न वापरता करावी. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर ताठ बसावे, वाद्याचा सगळा भार डाव्या हातावर घ्यावा आणि उजव्या हाताचा अंगठा व पहिली दोन बोटे स्लाइडच्या दांडीला हलकेच लावावीत. स्लाइड पूर्ण आत, म्हणजे पहिल्या पोझिशनमध्ये (स्लाइडच्या ठरलेल्या प्रत्येक जागेला पोझिशन म्हणतात) ठेवून मधला सोयीचा स्वर घ्यावा. हार्मोनियमच्या भाषेत हा पांढरी चारचा स्वर आहे. मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० मात्रांची लय लावून दोन मात्रा श्वास घ्यावा आणि जीभ अजिबात न हलवता, ‘हू’ म्हटल्यासारखा श्वास सोडून स्वर चार मात्रा धरावा. सुरुवात धूसर होईल, कधी स्वर उशिरा उमटेल, कधी नुसतीच हवा जाईल. याला घाबरू नये. नुसत्या श्वासाने ओठ वेळेवर कंप पावत नसतील तर जोराने जीभ लावून तो दोष झाकला जातो, जात नाही; आणि झाकलेला दोष पुढे वरच्या सप्तकात हटकून वर येतो. दहापैकी सात-आठ वेळा स्वर मात्रेवर उमटू लागेपर्यंत हा अभ्यास रोज पाच मिनिटे करावा आणि नंतरही रियाजाच्या आरंभी तो ठेवावा.

जीभ नेमकी कुठे टेकवायची

पाश्चात्त्य पद्धतीच्या पुस्तकांत ‘तू’, ‘ता’, ‘दू’ असे उच्चार रोमन लिपीत छापलेले असतात, आणि मराठी माणूस ते आपल्या वर्णमालेप्रमाणे वाचतो. घोटाळा इथेच होतो. आपला ‘त’ दंत्य आहे, म्हणजे जीभ वरच्या दातांच्या पाठीला टेकते, आणि घाईत अनेकांची जीभ दातांच्या फटीतून बाहेर डोकावते. आपल्या ‘ट’मध्ये जीभ उलटी वळून टाळूकडे जाते. ट्रॉम्बोनला यांपैकी कोणतीच जागा सोयीची नाही. पहिल्यात जिभेचे टोक ओठांच्या कंपनात अडथळा आणते आणि सुरुवात थबकल्यासारखी होते. दुसऱ्यात जीभ इतकी मागे जाते की घशाची वाट अरुंद होते आणि आवाज दबतो.

हवी ती जागा मराठीतच आहे. ‘नाना’ किंवा ‘नळ’ हा शब्द अगदी सावकाश म्हणावा आणि ‘न’ उच्चारताना जीभ कुठे टेकते याकडे लक्ष द्यावे. बहुतेकांच्या बाबतीत ती वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, जिथे हिरडीचा उंचवटा सुरू होतो, तिथे टेकते. ‘ल’ म्हणतानाही टोक जवळजवळ तिथेच जाते. आता जिभेचे टोक त्याच जागी ठेवून ‘ना’ऐवजी ‘दा’ आणि मग ‘ता’ म्हणावे. हा ‘ता’ नेहमीच्या बोलण्यातल्यापेक्षा किंचित परका वाटेल, आणि तो तसाच वाटला पाहिजे. दातांची ठेवण आणि जिभेची लांबी प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे कोणाला टोक दातांच्या मुळाशी ठेवणे अधिक सोयीचे पडते, आणि खालच्या स्वरांकडे जाताना ते थोडे आणखी खाली येते. त्यामुळे मिलिमीटरचा हिशेब करत बसू नये. जीभ ओठांना लागू नये, माउथपीसला लागू नये आणि मागे वळू नये, एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

आणखी एका अक्षराबद्दल सावध करणे आवश्यक आहे. ‘चमचा’ या शब्दातला जो दंत्य ‘च’ आहे, तो अनेकांच्या टंगिंगमध्ये नकळत शिरतो. जिभेचे टोक सुटण्याऐवजी तिचा पसरट भाग टाळूवर घासला जातो आणि प्रत्येक स्वरापूर्वी ‘त्स्’ असा बारीक फुसकारा ऐकू येतो. वाजवणाऱ्याला तो जाणवत नाही, समोरच्याला मात्र स्पष्ट कळतो.

उच्चार मनातल्या मनात करायचा असतो, हेही इथेच सांगायला हवे. बोलताना ‘त’ आणि ‘द’ यांतला फरक घशातल्या आवाजाचा असतो. वाजवताना घसा मुका असतो. त्यामुळे ट्रॉम्बोनवर ‘त’ म्हणजे थोडा ठाशीव स्पर्श आणि ‘द’ म्हणजे मऊ स्पर्श, एवढाच अर्थ उरतो. नवशिक्याने ‘दू’पासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. पुष्कळ शिक्षक ‘तू’पासून करतात, आणि त्यात चूक काही नाही, पण जोरकस जीभ नंतर हलकी करणे जितके कठीण जाते, तितके हलकी जीभ जोरकस करणे जात नाही.

उच्चारातल्या ‘ऊ’, ‘ओ’, ‘ई’ यांसारख्या स्वराचाही वाद्यावर परिणाम होतो, कारण त्यानुसार जीभ तोंडात उंच किंवा खाली राहते. मधल्या स्वरांना ‘दू’ किंवा ‘दो’, खालच्या स्वरांना ‘दॉ’ आणि वरच्या स्वरांकडे जाताना ‘दी’कडे झुकणारा उच्चार ठेवावा. सुरुवातीला सगळा रियाज मधल्या स्वरांवरच असल्याने याची चिंता आत्ता नको.

वाद्याशिवायचा सराव

वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापून ती वरच्या टोकाला धरून तोंडासमोर साधारण १५ सेंटिमीटरवर टांगती ठेवावी. ‘हू’ म्हटल्यासारखी सलग फुंकर घातली की पट्टी पुढे झुकून तिरकी राहते. आता तीच फुंकर चालू ठेवून जिभेने ‘दू दू दू दू’ असे स्पर्श द्यावेत. पट्टी प्रत्येक स्पर्शाला थरथरेल, पण ती मूळ जागी परत येऊन लोंबकळली तर समजावे की श्वास थांबत आहे आणि प्रत्येक ‘दू’साठी नवी फुंकर घातली जात आहे. श्वास आणि जीभ ही दोन वेगळी कामे आहेत हे या पट्टीइतके स्पष्ट करून सांगणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मुलांना शिकवताना तर निम्मे स्पष्टीकरण तिच्यामुळे वाचते.

दुसरे साधन आरसा. आरशासमोर हेच ‘दू दू दू’ करताना हनुवटी, गळा आणि गाल पाहावेत. हनुवटी वरखाली होत असेल तर जिभेऐवजी जबडा काम करत आहे. मग एक बोट हनुवटीवर हलकेच ठेवून ती हलणार नाही अशा बेताने लय कमी करावी. जिभेची हालचाल काही मिलिमीटरचीच असते. तिचे टोक खाली येते आणि पुन्हा वर जाते. सगळी जीभ मागे ओढली जात नाही. हा सराव इतका निःशब्द आहे की तो पीएमपीच्या बसमध्येही करता येतो, आणि स्वारगेट ते हडपसर एवढ्या अंतरात तो बराच होतो.

वाद्यावर पहिला स्पर्श

आता वाद्य घेऊन पुन्हा पहिल्या पोझिशनमधल्या पांढरी चारच्या स्वरावर यावे. येथे एक बारकावा नीट समजून घ्यावा. जीभ टेकते तेव्हा स्वर सुरू होत नाही. जीभ सुटते तेव्हा तो सुरू होतो. म्हणून मनात जीभ ‘मारण्याची’ नव्हे, तर काढून घेण्याची कल्पना ठेवावी. श्वास आत घेऊन झाल्यावर तो रोखून धरायचा नाही, आत येणारा श्वास वळून बाहेर निघतो त्याच क्षणी जिभेने निसटता स्पर्श करायचा. नवशिक्यांपैकी अनेकजण पूर्ण श्वास घेतात, घसा आवळतात, जिभेमागे हवा दाबून धरतात, मनात एक-दोन मोजतात आणि मग स्वर फोडतात. असा स्वर फटाक्यासारखा सुटतो, आणि कधीकधी जीभ अडकून तो मुळीच सुटत नाही. यावर उपाय लयीचा आहे: तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर श्वास आत, पहिल्या मात्रेवर स्वर, मध्ये थांबा नाही. मेट्रोनोम चालू असताना ही शिस्त आपोआप लागते.

पुढचा अभ्यास एकाच स्वरावर, एकाच श्वासात, ६० च्या लयीत करावा. आधी स्वर चार मात्रा सलग धरावा. मग तोच प्रवाह चालू ठेवून पुढच्या चार मात्रांत दोन-दोन मात्रांचे दोन स्वर, नंतर एकेका मात्रेचे चार आणि शेवटी अर्ध्या मात्रेचे आठ स्वर घ्यावेत. श्वास पुरत नसेल तर मध्ये थांबून घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण प्रत्येक स्वरापूर्वी श्वास घेऊ नये. कानाने एवढेच तपासावे की आठ लहान स्वरांचा आवाज त्या पहिल्या लांब स्वराइतकाच भरीव आहे की नाही. लहान स्वर पातळ झाले तर जीभ फार वेळ टेकून राहत आहे किंवा श्वास कमी पडत आहे. मोबाइल साधारण मीटरभर अंतरावर ठेवून ध्वनिमुद्रण करावे आणि ते दुसऱ्या दिवशी ऐकावे. लगेच ऐकले तर वाजवतानाचा प्रयत्न मनात ताजा असतो आणि कान दयाळू होतो.

स्वराच्या शेवटाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. स्वर संपवण्यासाठी जीभ पुन्हा टेकवली की ‘तूत्’ असा ठोकळेबाज शेवट होतो, आणि संथ गीतात तो फार खटकतो. संथ लयीत स्वर श्वास थांबवून संपवावा आणि जिभेला केवळ आरंभाचे काम द्यावे. तुटक, म्हणजे स्टॅकाटो स्वरांनाही सुरुवातीच्या काळात हाच नियम लावावा. लय पुष्कळ वाढली की एका स्वराचा शेवट आणि पुढच्याचा आरंभ एकाच स्पर्शात होऊ लागतो. ते आपोआप घडते आणि तेव्हा ते योग्यही असते.

स्लाइड आणि जीभ यांची सांगड

येथपर्यंतचे सगळे कोणत्याही पितळी वाद्याला लागू पडते. ट्रॉम्बोनचे खरे वेगळेपण आता सुरू होते.

टेनर ट्रॉम्बोन काळी पाचच्या पट्टीत बांधलेला असतो. काळी पाच ‘सा’ धरून बिलावलाचे, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचे सप्तक वाजवले तर पोझिशन पुढीलप्रमाणे येतात: सा पहिली, रे सहावी, ग चौथी, म तिसरी, प पुन्हा पहिली, ध चौथी, नी दुसरी आणि वरचा सा पहिली. आतापर्यंत ज्या पांढरी चारवर आपण रियाज केला, तो या सप्तकातला ‘प’ आहे. पहिल्या पोझिशनपासून दुसरी सुमारे ८ सेंटिमीटरवर असते, तर सहावीपर्यंत जायला स्लाइड सुमारे ४५ सेंटिमीटर बाहेर न्यावी लागते. लहान मुलांचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्यांनी ‘रे’ काही काळ सोडून दिला तरी चालेल. चौथी पोझिशन बेलच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाच्या कडेच्या थोडी पुढे आणि तिसरी किंचित अलीकडे येते, एवढी खूण सुरुवातीला पुरते. नेमकी जागा शेवटी कानानेच ठरवायची असते.

या सप्तकात दोन प्रकारच्या जागा आहेत. रे ते ग, ग ते म, म ते प, ध ते नी आणि नी ते वरचा सा या पाच ठिकाणी ओठ नैसर्गिक स्वरमालिकेतल्या (स्लाइड न हलवता केवळ ओठांनी मिळणाऱ्या स्वरांच्या मालिकेतल्या) एकाच पायरीवर राहतात आणि स्वर केवळ स्लाइडने बदलतो. जीभ लावली नाही तर इथे घसरण हमखास ऐकू येते. सा ते रे आणि प ते ध या दोन ठिकाणी मात्र ओठ वरच्या पायरीवर जातात, स्लाइड बाहेर जात असताना स्वर चढतो, आणि जीभ न लावताही दोन स्वर बऱ्यापैकी वेगळे पडतात. वाद्याची ही अंगची सोय पुढे फार उपयोगी पडते. संथ, जोडून घ्यायच्या गीतात अशा जागी जीभ वापरावी की नाही याबद्दल शिक्षकांमध्ये दोन मते आहेत. नवशिक्याने तूर्त प्रत्येक स्वराला जीभ लावावी असे मला वाटते, कारण दोन जागांवर एक पद्धत आणि पाच जागांवर दुसरी ठेवली की वाक्य असमान ऐकू येते, आणि ती असमानता लपवण्याइतके कौशल्य अजून आलेले नसते.

सराव ‘प म ग म प’ एवढ्याच स्वरांपासून सुरू करावा, म्हणजे पोझिशन १, ३, ४, ३, १. प्रत्येक स्वर दोन मात्रांचा, लय ६०. स्वर त्याच्या पूर्ण लांबीपर्यंत जागेवरच राहिला पाहिजे. दुसरी मात्रा संपताच स्लाइड चपळाईने पुढच्या जागी जावी आणि ती पोहोचते त्याच क्षणी जीभ सुटावी. मध्ये श्वास थांबत नाही. संथ गाण्यात स्लाइडही सावकाश हलवावी असे हाताला वाटते, आणि नवशिक्याला फसवणारी गोष्ट नेमकी हीच आहे. लय संथ असली तरी स्लाइडची हालचाल झटकन व्हावी. तिच्यात जोर मात्र नको. मनगट सैल, कोपर मोकळे आणि पकड इतकी हलकी की कोणी स्लाइड ओढली तर ती बोटांतून सुटेल.

चूक कुठे होते हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. केलेले मुद्रण ऐकताना घसरण नेमकी कुठे ऐकू येते ते पाहावे. ती आधीच्या स्वराच्या शेपटीला असेल, तर स्लाइड वेळेआधी निघाली आहे. ती पुढच्या स्वराच्या तोंडाशी असेल, तर जीभ आधी सुटली आणि स्लाइड मागाहून पोहोचली. पहिली चूक अधिक आढळते, कारण दूरच्या पोझिशनची भीती हाताला लवकर निघायला लावते. दोन्ही टोकांना घसरण असेल तर हात संथ आहे, आणि मग जीभ बाजूला ठेवून स्वर न काढता नुसत्या स्लाइडचाच सराव मेट्रोनोमवर करावा.

यानंतर जोडून वाजवण्याची, म्हणजे लेगाटोची जीभ शिकता येते. येथे ‘दू’ आणखी मऊ करून ‘लू’ किंवा ‘नू’च्या जवळ न्यायचा असतो. स्पर्श इतका निसटता हवा की श्वास जवळजवळ तुटू नये, आणि तरीही स्लाइडच्या प्रवासाचा क्षण त्या स्पर्शाखाली झाकला जावा. भावगीताच्या किंवा अभंगाच्या चालीवर हा सराव फार चांगला होतो, कारण शब्द माहीत असल्यामुळे कुठे जोडायचे आणि कुठे सोडायचे हे मनात आधीच ठरलेले असते. चाल मात्र संथ आणि चार-पाच स्वरांच्या आतली निवडावी. स्लाइडवर इतका स्वच्छ आघात, म्हणजे स्वराचा आरंभ, साधता येतो का अशी शंका असेल, तर अमेरिकन जॅझवादक जे. जे. जॉन्सन (१९२४ ते २००१) यांचे मुद्रण ऐकावे. त्यांचा ट्रॉम्बोन व्हॉल्व्हचा असावा असा अनेकांचा समज होत असे, असे सांगितले जाते. पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या आघातासाठी स्वीडनचे ख्रिश्चन लिंडबर्ग यांना ऐकावे.

जागा, वेळ आणि वाद्य

टेकडीवर जाऊन वाजवा, असा सल्ला पुण्यात हमखास मिळतो. लांब स्वरांसाठी तो ठीक आहे, पण टंगिंगच्या सुरुवातीच्या सरावासाठी वेताळ टेकडी किंवा तळजाई फारशी उपयोगाची नाही. उघड्यावर आवाज परत येत नाही, त्यामुळे आपण कमी वाजवतो आहोत असे वाटून जीभ नकळत जोराने लागू लागते. रिकामा हॉल किंवा जिन्याखालची घुमणारी जागा उलट्या कारणाने वाईट, कारण तिथे घुमण्यात सगळ्या धूसर सुरुवाती लपून जातात. पडदे, गादी आणि पुस्तकांचे कपाट असलेली साधी खोली सर्वांत उत्तम. तिथे काहीच झाकले जात नाही. शेजाऱ्यांसाठी प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे बूच, लावता येतो, पण त्याने हवेला विरोध वाढतो आणि जिभेला खोटा आधार मिळतो, म्हणून निम्मा तरी सराव म्यूटशिवाय व्हावा. सोसायटीत वेळ आधी सांगून ठरवून घेतली तर वीस मिनिटांच्या ट्रॉम्बोनला सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि टंगिंगला रोज वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतही नाही. गणेशोत्सवापूर्वीच्या दिवसांत डेक्कन, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत राहणाऱ्यांनी मात्र सकाळची वेळ धरावी. संध्याकाळी मुठेकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असताना स्वतःच्या ‘दू’ आणि ‘तू’मधला फरक ऐकू येणे शक्य नाही.

अमृततुल्यचा गोड चहा पिऊन लगेच वाद्य तोंडाला लावू नये. साखर स्लाइडच्या नळीत जाऊन बसते आणि स्लाइड चिकट होते. मिसळीनंतर तर ओठच साथ देत नाहीत.

स्लाइड चिकट असेल तर जीभ आणि हात यांची सांगड कधीच जमणार नाही, आणि शिकणारा विनाकारण स्वतःला दोष देत राहील. देशात बनणारी बँडची पितळी वाद्ये मोठ्या प्रमाणावर मेरठच्या जली कोठी भागातून येतात, आणि त्यांत उत्तम ते अगदी सुमार असा सगळा माल असतो. नवे किंवा जुने वाद्य घेताना स्लाइड उभी धरून, तिचे खालचे वळण जाड कापडावर टेकवून आतली नळी सावकाश वर उचलावी आणि खाली सोडावी. ती कुठेही न अडखळता आपल्या वजनाने खाली येत असेल तर वाद्य घ्यावे. एखाद्या ठिकाणी अडत असेल तर तिथे पोचा आहे किंवा नळ्या समांतर नाहीत, आणि तेल किंवा क्रीम लावून तो दोष जात नाही.

वेग, आणि दुहेरी जीभ कधी

वेग वाढवताना मेट्रोनोम एका वेळी चार मात्रांनीच पुढे न्यावा आणि आवाज पातळ झाला की मागे यावे. एका मात्रेत चार स्वर ६० च्या लयीत स्वच्छ येऊ लागले, की ते असेच चार-चार मात्रांनी चढत ७२, मग ८४ अशा टप्प्यांपर्यंत नेता येतात. जीभ आखडू लागली तर थांबावे. थकलेल्या जिभेने घोटलेला वेग दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नाही, तिची आखडण्याची सवय मात्र राहते.

एकेरी जीभ १०० च्या आसपास सहज पोहोचल्यावरच दुहेरी टंगिंगकडे वळावे. त्यात ‘तू’नंतर ‘कू’ येतो, म्हणजे एक स्पर्श टोकाचा आणि दुसरा जिभेच्या मागच्या भागाचा. तिहेरीत ‘तू तू कू’ किंवा ‘तू कू तू’ असा क्रम असतो, आणि तबल्याच्या किंवा मृदंगाच्या सहवासात वाढलेल्यांना ‘तकिट’ तोंडपाठ असल्याने यातला दुसरा प्रकार लवकर बसतो. मात्र पढंत करताना, म्हणजे बोल तोंडाने म्हणताना, ‘क’ घशाजवळ ठणठणीत म्हटला तरी चालतो, वाद्यावर तो शक्य तितका पुढे, ‘की’मधल्या ‘क’च्या जागी आणावा लागतो. ‘कू’ हा नेहमीच दुबळा असतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे ‘तू कू’ वाजवण्यापेक्षा नुसता ‘कू कू कू कू’ एका स्वरावर ६० च्या लयीत वाजवावा आणि त्याचा आवाज ‘तू’च्या आवाजापासून डोळे मिटून ओळखता येईनासा झाला, की मगच दोन्ही जोडावेत.